गव्हाणीचा पंचनामा

ज्या मनुष्याच्या उमेदीची एकतीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात दुसऱ्यांच्या वडिलांची नावे, दुसऱ्यांच्या बांधांची लांबी आणि दुसऱ्यांच्या भाऊबंदकीचे तपशील लिहिण्यात खर्ची पडली, त्याला सेवानिवृत्तीनंतर कोणतीही कथा निर्वेधपणे ऐकता येत नाही. कीर्तनात बुवा रंगात येऊन नळराजाने द्यूतात राज्य घालवल्याचे सांगू लागले की भोवतालच्या श्रोत्यांचे डोळे पाणावतात; माझ्या मनात मात्र त्या राज्याचा फेरफार कोणी नोंदवला, आणि नोंदवण्यापूर्वी दमयंतीची हरकत मागवली होती की नव्हती, हा प्रश्न उभा राहतो. ही एक व्याधी आहे, हे मला मान्य आहे. आमच्या कुटुंबाचे मत तर असे की, पेन्शन मला सरकार देते आणि शिक्षा तिला.

गेल्या नाताळात या व्याधीने उचल खाल्ली. माझे शेजारी मास्तर हे ख्रिस्ती. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली, तरी पांढरकवडा त्यांना मास्तरच म्हणते. त्यांचे घराणे उमरीकडचे, जेथील मिशनच्या दवाखान्यात आमच्या केळापूर तालुक्यातील सर्व जातींची आणि सर्व धर्मांची माणसे नाडी दाखवून आलेली आहेत. यवतमाळास १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची मोठी संस्था होती. ती १९८३ साली पुण्यास हलली, पण तोपर्यंत तेथील मूळ ग्रीक जाणणाऱ्या एका पंडिताच्या सहवासाचा लाभ मास्तरांनी उठवून घेतला होता. परिणामी त्यांच्याजवळ श्रद्धा आणि व्याकरण ही दोन्ही आहेत, आणि एकाने दुसऱ्याला आजवर घराबाहेर काढलेले नाही. अशा मास्तरांनी मला चर्चच्या आवारात तरुण मंडळींनी उभारलेली 'गव्हाणी' पाहण्यास बोलावले.

देखावा सुरेख होता, यात वाद नाही. गोठा — आमच्याकडे त्याला कोठा म्हणतात — पऱ्हाट्यांच्या कुडाचा केलेला. आत मरीया, योसेफ आणि गवतावर बाळ. एका बाजूस मातीचे गाढव, दुसऱ्या बाजूस बैल. बैल लाकडी असून त्याला चार चाके होती, कारण तो कोणाच्या तरी नातवाच्या तान्ह्या पोळ्यातून उसना आणलेला होता. दाराशी मुकुटधारी तीन राजे, मागे पत्र्याचा उंट, वर चांदणी, आणि या सर्वांवर, कुडावर, छपरावर, उंटाच्या मदारीवर आणि योसेफाच्या खांद्यावर, शुभ्र बर्फ पडलेले. ते बर्फ कापसाचे होते. ज्या दिवसांत जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि शेतकरी मूठभर बोंडासाठी झाडापाशी वाकतो, त्याच दिवसांत त्याच पांढऱ्या सोन्याचा असा सढळ वर्षाव पाहून माझ्या शेजारी उभा असलेला एक शेतकरी पुटपुटला, "भाव नाई भेटला वाट्टे औंदा."

मी मास्तरांना विचारले, "बेथलेहेमला बर्फ पडते काय?"

"क्वचित पडते," मास्तर म्हणाले.

"त्या रात्री पडले होते, असे शास्त्रात आहे?"

"नाही."

"गाढव?"

"नाही."

"हा तिसरा राजा?"

"भाऊसाहेब," मास्तर शांतपणे म्हणाले, "पहिलाही नाही." आणि त्यांनी पवित्र शास्त्राची आपली जुनी प्रत माझ्या हाती दिली. "दोनच ठिकाणी हा वृत्तान्त आहे. वाचून या, मग खुशाल पंचनामा करा."

मी तो रात्री दिव्याखाली बसून केला, आणि आता त्यातील मुद्दे क्रमाने नमूद करतो; अर्थात क्रम माझा, म्हणजे दप्तरात ज्या कागदाला वाळवी लागलेली नाही तो आधी.

साक्षीदार चार. मार्क आणि योहान यांनी जन्माविषयी काहीच सांगितलेले नाही. त्यांचे जबाब नायक प्रौढ झाल्यावरच सुरू होतात. राहिले मत्तय आणि लूक. मत्तयाच्या जबाबात चांदणी, पूर्वेकडील मागी लोक, हेरोद राजा, बालहत्या आणि मिसरात पलायन आहे. गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, खानेसुमारी नाही. लूकच्या जबाबात खानेसुमारी, गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत. चांदणी नाही, मागी नाहीत, हेरोदाची तलवार नाही. म्हणजे चर्चच्या आवारात एका छपराखाली जी मंडळी खांद्याला खांदा लावून उभी होती, त्यांतली अर्धी दुसऱ्या अर्धीला शास्त्रात कधी भेटलेलीच नाहीत. मत्तयाचे मागी तर गोठ्यात आलेच नाहीत. ते एका घरात शिरले आणि तेथे त्यांना बालक दिसले, असा स्पष्ट उल्लेख आहे. तोवर बालक केवढे झाले होते, हे सांगितलेले नाही. पण हेरोदाने दोन वर्षांपर्यंतची मुले मारण्याचा हुकूम सोडला, त्यावरून ते कदाचित उठून दाराशी स्वागतालाही आले असेल.

दोन साक्षीदारांचे जबाब शब्दशः जुळले तर ते पढवलेले आहेत असे समजावे, आणि मुळीच जुळले नाहीत तर एकजण गावात नव्हता असे समजावे, हा कचेरीतला जुना दंडक. येथे दोघांची ज्या बाबींवर एकवाक्यता आहे त्या मोजक्या आहेत: माता मरीया, तिचा योसेफ, स्थळ बेथलेहेम, काळ हेरोदाचा, मूळ वस्तीचे अथवा पुढे वाढण्याचे गाव नासरेथ. जन्म एका गावी आणि नाव दुसऱ्या गावचे, याचे पुण्या-मुंबईच्या वाचकास नवल वाटेल, आम्हास नाही. आमच्या तालुक्याचे नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्यास. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून देण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

खरी अडचण वारसनोंदीची. योसेफाच्या बापाचे नाव मत्तय 'याकोब' लिहितो आणि लूक 'एली' लिहितो. पंडितांनी यावर शेकडो वर्षे शाई खर्च केली आहे: एक वंशावळ योसेफाची आणि दुसरी मरीयेची, किंवा एक जन्मदाता आणि एक कायद्याचा बाप, असे नाना तोडगे काढले आहेत. मी एवढेच सांगू शकतो की, या दोन कागदांवर माझ्या टेबलावरून फेरफार मंजूर झाला नसता. अर्जदाराला मी पोलीस पाटलाचा दाखला, दोन पंच आणि शक्य तर आजीला घेऊन यायला सांगितले असते. आणि आजी आल्यावर तिसरेच नाव निघाले असते, हाही अनुभव आहे.

आता खानेसुमारी. येथे मी अधिकारवाणीने बोलतो, कारण १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन खानेसुमाऱ्यांत मी या तालुक्याची धूळ खाल्ली आहे. मराठी पवित्र शास्त्रात तिला 'नावनिशी' असा भारदस्त शब्द योजला आहे आणि क्विरिनिय या अंमलदारास 'सुभेदार' म्हटले आहे. ते वाचताच मला परक्या देशात आपल्या खात्याचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. पण आनंद टिकला नाही. कैसर औगुस्ताच्या हुकुमाने प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन नाव लिहवावे असे ठरले, आणि योसेफ हा दावीद राजाच्या कुळातला म्हणून दावीदाच्या गावी, बेथलेहेमास गेला. दावीद योसेफाच्या सुमारे हजार वर्षे आधीचा! नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर वाटेच्या वळणांसह साधारणपणे पांढरकवड्याहून नागपूर. आणि सोबत दिवस भरत आलेली स्त्री.

अशा हुकुमाची अंमलबजावणी आमच्या तालुक्यात करावयाची, अशी वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. दवंडी पिटली: प्रत्येकाने हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या मूळ पुरुषाच्या गावी जाऊन नाव नोंदवावे. त्या काळी यादवांनी देवगिरीस राजधानीही केलेली नव्हती, मग आमचे मूळ पुरुष कोणत्या झाडाखाली होते, हे कोणी सांगावे? कोलाम आणि गोंड बांधव तेवढे आपल्या दारात खाट टाकून स्वस्थ बसले असते आणि उरलेल्या तालुक्याची गंमत पाहत राहिले असते. जिनिंगवाले शेठ मारवाडच्या गाडीत, तेलुगू बोलणारी मंडळी पैनगंगेच्या उतारावर, आणि मी स्वतः एसटी स्थानकात फलाट क्रमांक विचारीत. कारण आमच्या कुळाचे मूळ गाव कोणते, यावर माझ्या दोन काकांचे १९६४ पासून बोलणे बंद होते. खानेसुमारीचा हेतू माणूस आहे तेथे मोजावा हा असतो. तो जेथे नाही तेथे त्याला पाठवून मग मोजणारे सरकार माझ्या ऐकिवात नाही. आणि सरकारांविषयी माझ्या ऐकिवात पुष्कळ आहे.

शिवाय तारखांचा मेळ नाही. जोसेफस या यहुदी इतिहासकाराच्या नोंदीनुसार क्विरिनियाची नावनिशी इ. स. ६ मधली, आणि हेरोद तर बहुतेक विद्वानांच्या मते इ. स. पू. ४ मध्येच निवर्तलेला. लूक मात्र एकाच कथेत दोघांनाही हजर ठेवतो. मयत इसमाच्या कारकिर्दीत दहा वर्षांनंतरचा हुकूम निघाल्याची उदाहरणे आमच्या खात्यात नाहीत असे मी म्हणत नाही. पण ती शास्त्रात असू नयेत. त्यातून ती नावनिशी यहूदीया प्रांतापुरती होती, आणि नासरेथ पडते गालीलात, जेथे तेव्हा हेरोदाच्याच एका मुलाचा अंमल होता. हद्दीचा हा प्रश्न वऱ्हाडी माणसाइतका कोणालाच कळणार नाही. १८५३ च्या करारापासून वऱ्हाडचा मालक निजाम, कारभारी इंग्रज आणि सारा भरणारा पांढरकवड्याचा कुणबी, अशी तिहेरी व्यवस्था येथे पिढ्यानपिढ्या चालली. पाटणबोरीपलीकडे पैनगंगा ओलांडली की मालक तोच, पण कारभारी बदलला. अलीकडच्या तहसीलदाराच्या हुकुमाने पलीकडचा सुतार बायकोला घेऊन नदी उतरला असता, हे मला पटत नाही.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. मिसर देशात इ. स. १०४ सालचा एक हुकूमनामा सापडला आहे. त्यात तेथील रोमन सुभेदार परगावी गेलेल्या लोकांना खानेसुमारीसाठी घरी परत येण्यास फर्मावतो. म्हणजे असले हुकूम निघत. मात्र तो स्वतःच्या घरी परतण्याचा आहे, पणजोबांच्या पणजोबांच्या घरी नव्हे. लूकच्या बाजूने एवढा एकच कागद मला मिळाला, आणि तो मी मिसलीत लावून ठेवला आहे. बाकी कैसराचा हुकूम निदान अमलात तरी आला. आमची २०२१ सालची खानेसुमारी त्या साली झालीच नाही.

एक मात्र व्यावसायिक समाधानाने सांगतो. आमच्या पद्धतीत हे बालक सुटले नसते. फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री प्रगणकाने कंदील घेऊन निघावे आणि पुलाखाली, देवळाच्या ओवरीत, स्थानकाच्या बाकावर झोपलेले सर्व बेघर मोजावेत. नंतर मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा दारोदार फिरून मधल्या काळात जन्मलेल्यांची भर घालावी आणि गेलेल्यांची वजावट करावी, असा नियम होता. १९९१ साली एका शेतातल्या खोपटात मी असे दोन दिवसांचे बाळ लिहून घेतले आहे. नाव ठेवलेले नव्हते. मी रकान्यात 'बाळ' लिहिले, आणि त्याच्या बापाने मला गुळाचा चहा पाजला.

यानंतर सराईचा प्रश्न. नाताळच्या नाटकात सर्वांत दुष्ट भूमिका असते ती सराईवाल्याची: दाराशी अवघडलेली बाई उभी आणि हा गडी कंदील वर करून 'जागा नाही' म्हणून दार लावून घेतो. आवारातल्या नाटकात हे काम करणाऱ्या मुलाने ते इतके चोख केले की, दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीनेच त्याला चहा दिला नाही. आता या सराईवाल्याचा शास्त्रातला आधार पाहू गेले तर तो शून्य. लूकने फक्त जागा नव्हती एवढेच म्हटले आहे. नाही म्हणणारा माणूस त्या वाक्यात नाही. मास्तरांचे व्याकरण येथे कामास आले. आपल्या भाषांतरात ज्याला 'उतारशाळा' म्हटले आहे, तेथे मूळ शब्द 'कातालुमा' आहे, आणि अखेरच्या भोजनाची पाहुण्यांची खोली सांगताना लूकने तोच शब्द वापरला आहे. पैसे घेऊन उतरवणाऱ्या सराईला त्याच्याजवळ 'पांदोखेयोन' असा वेगळा शब्द होता, आणि दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात त्याने तो योजलाही आहे. तेथे सराईवालाही आहे, आणि तो बिचारा भला माणूस आहे.

म्हणजे चित्र पालटले. त्या भागातल्या साध्या घरांत माणसे थोड्या उंच भागात निजत आणि रात्री जनावरे त्याच छपराखाली खालच्या भागात बांधीत. मधल्या कडेला गव्हाणी. योसेफ आपल्या आप्तांच्या घरी उतरला; पाहुण्यांची खोली आधीच भरलेली; तेव्हा घरच्यांनी बाळंतिणीला खालच्या, उबेच्या, आडोशाच्या जागेत नेले. हे वाचताच माझ्या डोळ्यांपुढे बेथलेहेम गेले आणि आमच्या धाकट्या मेहुणीचे लग्न आले. त्या लग्नात बैठकीत वरपक्ष, माडीवर व्याही, ओसरीवर बँडवाले, आणि घरचा थोरला जावई जो मी, त्याची सोय कोठ्यालगतच्या खोलीत, सरकीच्या पोत्यांवर केली होती. मला कोणी हाकलले नव्हते. उलट तीनदा येऊन 'भाऊजी, काही कमी नाही ना' असे विचारले होते, आणि प्रत्येक वेळी जागे केले होते. बेथलेहेममधल्या त्या अनाम घरमालकिणीवर दोन हजार वर्षे नाहक आळ आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि हा आळ रद्द करण्याची शिफारस मी करतो.

जनावरांविषयी थोडक्यात. बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आले, जेथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या धन्याच्या गव्हाणीला ओळखते, असा उल्लेख आहे. गव्हाणी शब्द दिसला आणि भाविकांनी दोघांनाही आत घेतले. त्यांचे बस्तान इतके पक्के बसले की, मिलान येथील चौथ्या शतकातल्या एका शवपेटीवर बाळाशेजारी बैल व गाढव आहेत, आणि आईबाप नाहीत. पुढे १२२३ साली संत फ्रान्सिसाने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरे गवत आणि खरी जनावरे आणून देखावा मांडला, तेव्हापासून त्यांना बाहेर काढण्याची कोणाची छाती झाली नाही. पोळा साजरा करणाऱ्या वऱ्हाडी माणसाने बैलाला पुरावा मागावा, हे तर शोभतही नाही. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? वाल्मीकीच्या शबरीने बोरे उष्टी केलेली नाहीत आणि त्याच्या लक्ष्मणाने रेषा ओढलेली नाही. पण या दोन गोष्टी वगळून रामायण सांगणाऱ्याला आमच्या गावी बिदागी मिळणार नाही.

जन्मतिथीचे प्रकरण मी पाहता पाहता निकालात काढले. इसवी सनाची मोजणी दियोनिसियस या साधूने ५२५ साली ठरवली आणि ती करताना हेरोदाच्या मृत्यूचा हिशेब त्याला साधला नाही. म्हणून ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात चार-सहा वर्षे आधी झाला, असे आज विद्वान गंभीर चेहऱ्याने सांगतात. २५ डिसेंबर ही तारीख रोमच्या ३५४ सालच्या एका पंजिकेत प्रथम आढळते, त्यापूर्वी, इ. स. २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट काही लोक २० मेच्या बरोबरीचा दिवस सांगतात असे लिहून ठेवतो. डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रात्री उघड्यावर कशाला बसतील, असा एक आक्षेप आहे. तो ज्याने काढला त्याने आमचा धनगर पाहिलेला नाही. पौषातल्या कडाक्यात, अंगावर एक घोंगडे घेऊन तो शेतात मेंढ्यांजवळ पडलेला असतो आणि सकाळी विद्वानापेक्षा ताजातवाना उठतो. राहता राहिली ती तारीख कोणी लिहिली, ही बाब. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या भावाची १ जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून होती, कारण शाळा जूनमध्ये भरत असे आणि गुरुजींना वय पुरे करावयाचे असे. आई म्हणे, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. पण पेन्शन गुरुजींच्या तारखेवर मिळते. रोममध्येही असे कोणी कनवाळू गुरुजी असावेत.

आता ते तीन राजे, जे पहिल्यापासून नव्हते. मत्तयाने त्यांना 'मागी' म्हटले आहे, म्हणजे पूर्वेकडील ज्योतिषी. राजेपण त्यांना स्तोत्रांतल्या आणि यशयाच्या वचनांवरून नंतर बहाल झाले. संख्या त्याने दिलेलीच नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन, हा हिशेब लोकांचा. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या जुन्या चित्रांत ते कोठे दोन आहेत, कोठे चार. सिरियाकडच्या ख्रिस्ती परंपरेत बारा. भेटींवरून माणसे मोजण्याची पद्धत आमच्याकडे लागू केली तर कोणत्याही लग्नाला स्टीलचे डबे आले तेवढीच माणसे आली असे होईल, आणि जेवून गेले ते कोण, हे गूढ राहील. नावे तर आणखी पुढे मिळाली: गास्पार, मेल्किओर, बाल्थासार. त्यांतला गास्पार हा आपल्या वायव्य सरहद्दीवर राज्य करणारा गोंडोफर्नीस राजा असावा, असा काही विद्वानांचा कयास आहे. तेव्हा तिसरा भाग आपलाही आहे, हे गावकऱ्यांनी लक्षात ठेवावे.

हा सर्व पंचनामा घेऊन मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवारात गेलो. मास्तरांनी तो सावकाश ऐकला, दोन ठिकाणी माझे ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले आणि ते काही बोलणार, तोच दाईमाय आली. दाईमाय ही आमच्या मोहल्ल्यातली जुनी सुईण. दवाखाने दूर होते आणि रस्ते चिखलाचे होते त्या काळात निम्मा मोहल्ला तिच्या हातावर जन्मला. ती कधी कोणत्या शाळेत गेली नाही. पदर डोक्यावर ओढून तिने देखावा डावीकडून उजवीकडे पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाली,

"मास्तर, सुईन कोठी हाय?"

मास्तर गप्प झाले.

"बाई बाळंत झाली ना? मंग बाई मानूस एकबी दिसत नाई. अन् हे तीन बाप्ये कायले उभे केले बाळंतिनीपाशी? बाज नाई, शेकायले शेगडी नाई, अन् वरून बरफ टाकलं!"

आता गंमत अशी की, हाच प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावे एक ग्रंथ झाला, जो चर्चने अधिकृत शास्त्रात घेतला नाही; त्यात योसेफ मरीयेला गाढवावर बसवून नेतो, वाटेत वेळ येऊन ठेपल्यावर तिला एका गुहेत ठेवून आधी धावतो तो सुईण शोधायला, आणि ती त्याला सापडतेही. विद्वान त्याला कल्पित म्हणतात, आणि असेल. पण तो लिहिणारासुद्धा कोणा दाईमायच्याच प्रश्नाने निरुत्तर झाला असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. माझ्यासारखा कारकून प्रश्न विचारतो तेव्हा कथेतून एक-एक वस्तू बाहेर जाते: बर्फ गेले, गाढव गेले, राजे गेले, सराई गेली. दाईमाय विचारते तेव्हा आत येते.

मास्तरांनी विषय बदलण्यासाठी राजांच्या हातांतल्या डब्या दाखवल्या. "हे सोनं, दाईमाय."

"बाळलेणं. बेस. अन् हे?"

"ऊद."

"धुरीले लागते. बाळाले, मायले, दोघाईले. अन् हे तिसरं?"

"गंधरस. म्हणजे बोळ."

"हिराबोळ?"

"होय, तोच."

ज्या भेटींचा अर्थ लावताना दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसापासून सर्व धर्मपंडितांनी सोने राजासाठी, ऊद देवासाठी आणि गंधरस पुढे येणाऱ्या मृत्यूसाठी असे सांगितले, त्या भेटींकडे दाईमायने किराणा तपासावा तशा नजरेने पाहिले. हिराबोळ बाळंतिणीला देतात. त्याला बाळंतबोळ असेच नाव आहे, आणि ते आमच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात आजही पुडीत बांधून मिळते. माझ्या मुलांच्या वेळी मी स्वतः ते आणलेले आहे. लूकचे आणि मत्तयाचे प्रत्येक अक्षर उलटेपालटे करताना हे माझ्या ध्यानात आले नाही, हे मी कबूल करतो.

"मंग हे लोक शायने होते," दाईमाय म्हणाली, "बाप्ये असून."

मास्तर हसले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊसाहेब, हा जबाब घेतलात?"

घेतला. शेवटच्या पानावर, अंगठ्यासह.

यंदाच्या देखाव्याची तयारी सुरू झाली आहे, आणि मंडळींनी माझा पंचनामा आदराने एका खिळ्याला टांगून ठेवून दाईमायच्या सर्व सूचना अमलात आणल्या आहेत. गाढव आहे, चाकांचा बैल आहे, तिन्ही राजे आहेत, पण ते आता उंबऱ्याबाहेर उभे आहेत. आत एक बाज घातली आहे, नऊवारी नेसलेली एक मातीची सुईण बसवली आहे, तिच्यापाशी डिंकाच्या लाडवांचा डबा आहे, आणि बाजेखाली खऱ्या निखाऱ्यांची खरी शेगडी ठेवावी असा दाईमायचा आग्रह आहे. बर्फ मात्र गेल्या वर्षीपेक्षा अधिक पडणार असून त्यासाठी अडीच किलो कापूस आला आहे. माझी मंडळींना हात जोडून एवढीच विनंती आहे की, शेगडी कापसापासून निदान चार हात लांब ठेवावी आणि पाण्याची एक बादली उंटाच्या मागे, लोकांना दिसणार नाही अशी, भरून ठेवावी.